डावीकडून सहावा

विजेतेपदाच्या त्या पहिल्या पुस्तकात, पान सत्तेचाळीसवर, संघाचा फोटो आहे. खाली पाच जण बसलेले, मागे पाच उभे. फुटबॉलचा संघ अकरांचा असतो हे पुस्तक काढणाऱ्या क्लबला माहीत नसेल असं म्हणवत नाही. उभ्या रांगेत उजव्या टोकाला गोलकीपर आहे आणि त्याच्या खांद्यावर एक हात आहे. मनगटापर्यंत. फोटोखाली ‘डावीकडून’ असं म्हणून दहा नावं दिली आहेत. हाताला नाव नाही.

तो हात घणाचा.

घण हे त्याचं मैदानावरचं नाव. प्रेक्षकांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढं आईसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागली. तो बचावाला खेळायचा. समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन अंगावर आला, की घणाचा चेंडूशी फारसा संबंध येत नसे. त्या हंगामात क्लबनं एकूण त्रेपन्न गोल केले, त्यांची तारीखवार यादी पुस्तकात आहे. त्याच हंगामात घणानं एक खांद्याचं हाड, चार बरगड्या आणि एका पोलिसाचा जबडा मोडला, त्याची यादी नाही. जबडा मैदानाबाहेरचा, त्यामुळे तो हिशेबात धरायचा की नाही यावर जुन्या प्रेक्षकांमध्ये अजूनही दोन तट आहेत.

शेवटच्या, निर्णायक सामन्याआधी प्रशिक्षकानं घणाच्या बुटाची नाडी स्वतःच्या हातानं बांधली. प्रशिक्षकाला सगळे मास्तर म्हणत. नाडीची गाठ मारताना मान वर न करता मास्तर म्हणाला, “पाखराला घरी पाठव. दहा मिनिटांच्या आत. उजवा पाय.”

पाखरू म्हणजे समोरच्या संघाचा डाव्या बाजूनं पळणारा पोरगा. वय एकवीस. तो पळायला लागला की मागच्या माणसाला आपण उभेच आहोत असं वाटायचं.

नवव्या मिनिटाला घणानं दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. आवाज चौथ्या रांगेपर्यंत गेला. चौथ्या रांगेतला एक गृहस्थ पुढं कैक वर्षं सांगायचा, की मला वाटलं शेजारच्याची खुर्ची मोडली. पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि त्यातलं एक हाड मोज्याच्या बाहेर येऊन सगळ्यांना दिसेल असं थांबलं होतं. घणाला लाल कार्ड मिळालं. पाखराचे पाठीराखे कुंपण तोडून आत शिरले. बाकांच्या फळ्या निघाल्या, अकरा डोक्यांना टाके पडले, एकाचा कान कुंपणाच्या तारेवर राहिला. तासाभरानं गवतावरचं रक्त धुऊन खेळ पुन्हा सुरू झाला आणि क्लब दहा जणांनिशी एक-शून्यनं जिंकला.

मग चौकशी बसली. मास्तर म्हणाला, “मी असलं कुणाला कधी सांगितलेलं नाही. तो मुलगा मुळातच तसा.” क्लब म्हणाला, मास्तर म्हणतात तेच. घणावर कायमची बंदी आली. लोक त्याच्या घराच्या काचा फोडून गेले. त्यातले दोघे रेंगाळले, त्यांना घणानं जिन्यावरून खाली पोचवलं. आणि दोन महिन्यांनी पुस्तक निघालं.

घणानं ते उघडलं, पान सत्तेचाळीस पाहिलं, मिटलं आणि छापणाऱ्याचे दात पाडायला निघाला.

प्रेस एका लांबोडक्या गल्लीच्या टोकाला होतं. दारात मशीन चालवणारा भेटला. “कुणाला भेटायचंय?” एवढंच तो म्हणाला आणि त्याचे वरचे दोन दात गेले. घणानं मग शाईचे चार डबे भिंतीवर मारले, एक टेबल उलटं केलं आणि आतल्या खोलीत शिरला. तिथं प्रेसचा म्हातारा मालक चष्मा कपाळावर सरकवून बसला होता.

“झालं असेल तर बसा,” मालक म्हणाला.

“फोटो कुणी कापला?”

“कापूनच आला. आमच्याकडं येतं ते आम्ही छापतो.” म्हाताऱ्यानं खणातून क्लबकडून आलेला फोटो काढून दाखवला. “ही कड बघा. केसभर इकडं तिकडं नाही. पट्टी लावून, नवं ब्लेड घेऊन, सावकाश कापलंय. आमच्या हातून एवढं सुबक काम होत असतं तर या गल्लीत राहिलो असतो?”

घण कड बघत राहिला. काम खरंच सुबक होतं.

“बंदी आलीये ना तुमच्यावर?” म्हातारा म्हणाला. “उद्यापासून येता? कटिंग मशीनला माणूस नाही. आधीच्याची दोन बोटं गेली. तुमच्यासारखा जरा… जोर असलेला माणूस पाहिजे.”

अशा रीतीनं प्रेस फोडायला गेलेला माणूस तिथंच चिकटला. ज्याचे दात पाडले त्याचीच बहीण बायंडिंगमध्ये फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, ओळीनं लावायला होती. दोनेक वर्षांनी ती घणाची बायको झाली. लग्नाच्या एकाही फोटोत मेहुणा हसलेला नाही, त्याला कारण होतं.

त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं घण पुस्तकं कापत आला. बांधून आलेल्या पुस्तकांच्या तीन कडा ओबडधोबड असतात. बारा-बारांचा गठ्ठा मशीनवर ठेवायचा, दाबपट्टी खाली घ्यायची आणि पातं सोडायचं, की कडा आरशासारख्या. जुन्या मशीनला हातानं फिरवायचं चाक होतं. नवं आलं त्याला दोन बटणं आहेत, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे चालवणाऱ्याचा हात पात्याखाली राहूच शकत नाही. बोटांची किंमत कळायला प्रेसला दोन बोटं लागली.

या काळात घणाच्या हाताखालून काही लाख पुस्तकं गेली. त्यानं त्यातलं एकही वाचलं नाही. हे अडाणीपणामुळं नव्हे. त्याला वाचता चांगलं येत होतं. पण कापणाऱ्याला पुस्तकात कडाच दिसतात. कविता असो, कायदा असो, मजकूर कापायच्या खुणेपासून किती लांब आहे एवढंच तो बघतो. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर ओरडतो, बाहेर असेल तर त्याला साहित्याबद्दल काहीही तक्रार नसते. फर्मे लावणाऱ्या बायकांना पानांचे आकडे दिसतात, शाईवाल्याला काळेपणा दिसतो. सगळं पुस्तक एकट्या गिऱ्हाइकाला दिसतं, आणि ते तरी कुठं वाचतं.

त्या विजयाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा क्लबनं पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. म्हातारा मालक वारला होता, प्रेस त्याची मुलगी बघत होती. तिला सगळे बाई म्हणत. ती मात्र लहानपणी घणाच्या मशीनखाली कागदाच्या कातरणांत खेळलेली, म्हणून त्याला घणकाका म्हणायची. क्लबचा सेक्रेटरी नवा होता. तो आधी पाठीराख्यांच्या टोळीचा म्होरक्या होता, कपाळावर बाटलीची खूण होती आणि बोलणं अतिशय गोड होतं.

“घणदादा,” तो म्हणाला, “या वेळी तुम्हाला सोडायचं नाही, असं कमिटीत मी छाती ठोकून सांगितलंय. आजकालच्या पोरांना तुम्हीच पाहिजे. हे बघा, मधली दोन पानं.”

मधल्या दोन पानांवर नववं मिनिट होतं. कुणीतरी नेमका त्याच क्षणी फोटो काढलेला. पाखराचा पाय जिथं वळायला नको तिथं वळलेला आणि त्यावर घणाचा बूट. घणाची पाठ होती, पाय होता, चेहरा नव्हता.

संध्याकाळी घरी त्यानं हे बायकोला सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

“पहिल्या पुस्तकात हात,” ती म्हणाली, “आता पाय. आणखी चार आवृत्त्या निघाल्या की अख्खे भराल.”

“चेष्टा करू नकोस.”

“मी कुठं करतेय? तो सेक्रेटरीच करतोय. तोंड मागा तोंड. तुम्ही अकरांत होता की नव्हता?”

घणाला दुसरं काहीच नको होतं. कौतुक नको, भाषण नको. त्या फोटोत उभ्या रांगेत आपण डावीकडून सहावे होतो, तिथं आपला चेहरा पाहिजे. पंचवीस वर्षं झोपताना त्याच्या डोक्यात एवढंच असायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं सेक्रेटरीला सांगितलं, “संघाचा फोटो अख्खा छापा. नाहीतर मधली पानं माझ्या मशीनवर यायची नाहीत.”

सेक्रेटरीनं डोकं खाजवलं. “अख्खा छापू. त्याची निगेटिव्ह क्लबकडं आहेच. पण मग मास्तरांचंही मन राखायला हवं. मैदानाच्या स्टँडला त्यांचं नाव आहे, प्रकाशन त्यांच्याच हातून आहे. तुम्ही असं करा, चार शब्द बोला. त्या दिवसाबद्दल. फोटोच्या मागच्या पानावर टाकू.”

घण तासभर बोलला. सेक्रेटरीनं टेपरेकॉर्डरवर सगळं टेप केलं. नाडी, गाठ, दहा मिनिटं, उजवा पाय, सगळं.

आठवड्यानं प्रूफ आलं. बाईंनी ते मशीनपाशी आणून दिलं. “घणकाका, क्लबवाले म्हणतायत तुम्ही बघून सही करा.”

घणानं प्रूफ उजेडात धरलं. उभी रांग: एक, दोन, तीन, चार, गोलकीपर पाचवा. आणि सहावा. तेल लावून चापून बसवलेले केस, रुंद जबडा, एक भुवई तुटलेली. त्यानं खिशातली स्टीलची पट्टी काढली, कानाच्या पाळीपासून कापायच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. चौदा मिलिमीटर. पुन्हा मोजलं. चौदाच. कितीही वाकडा गठ्ठा लागला तरी चेहरा वाचत होता. त्यानं समासात लिहिलं, ‘कटिंगला ठीक’, खाली सही केली आणि कागद परत दिला.

उलटून पाहिला नाही. मागं मजकूर होता, आणि मजकूर खुणेपासून वीस मिलिमीटर आत असल्याचं उजेडात आरपार दिसत होतं.

पुढं ते पान बायकोच्या हातातून सहाशे वेळा गेलं. तिला त्यावर अठ्ठेचाळीस हा आकडा दिसला. आकडा बरोबर होता.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सहाशे पुस्तकं कापून, बारा-बाराच्या पन्नास गठ्ठ्यांत टेबलावर तयार होती. दुपारी चारला मैदानावर समारंभ. घण पात्यावरची धूळ पुसत होता. दार आपटलं आणि कुणीतरी आत आलं. एका बुटाचा तळवा दुसऱ्याच्या तिप्पट जाड, हातात काठी म्हणून लोखंडी नळी.

पहिला फटका बोलण्याच्या आधी बसला. खांद्यावर. दुसरा बरगड्यांत बसला तेव्हा घणानं वळून पाहिलं आणि ओळखलं. पाखरू. केस गेलेले, शिलाई मशीनं दुरुस्त करून बोटं काळी झालेली, पण डोळे तेच. घण खाली बसला. मेहुणा चार पावलांवर उभा होता. हातात लाकडी हातोडी होती आणि तोंडावर, बऱ्याच वर्षांनी, हसू होतं. तो जागचा हलला नाही.

“ऊठ,” पाखरू म्हणालं. “ऊठ, म्हणजे पुन्हा पाडता येईल.”

“काय झालं ते तरी सांग.”

“सांग? मी सांगू?” पाखरानं नळी मशीनवर आपटली. “पंचवीस वर्षं मी सकाळी उठलो की आधी त्या मास्तराच्या नावानं शिव्या घालतो, मग दात घासतो. तुला कधी नाही घातल्या. माझे भाऊ म्हणायचे, घणाला धरून ठेचू. मी म्हणायचो, तो नुसतं हत्यार आहे, त्याच्यावर कसला राग काढता. आणि तू? तू पेपरात छापून देतोस की तुझंच डोकं फिरलं होतं?”

“मी काय छापून दिलं?”

पाखरानं खिशातून सकाळचा पेपर काढून त्याच्या तोंडावर फेकला. नव्या पुस्तकातलं एक पान क्लबच्या सौजन्यानं छापलेलं होतं.

घणानं जमिनीवर बसूनच वाचायला सुरुवात केली. पाखरू नळी उगारून उभं राहिलं. घण हळू वाचत होता, ओठ हलवत; सवय नव्हती. पाखराचा हात दुखायला लागला.

“आटप की,” ते म्हणालं.

मजकुरात लिहिलं होतं: नवव्या मिनिटाला जे झालं ते माझ्या रागामुळं झालं. मास्तरांनी मला स्वच्छ खेळायला बजावलं होतं. मी त्यांचा विश्वास मोडला, त्यांची आज जाहीर माफी मागतो. खाली घणाची सही होती. सहीच्या वरचे ‘कटिंगला ठीक’ हे दोन शब्द कापून टाकले होते. तेही काम सुबक होतं.

माफी मास्तरची मागितलेली होती. पाय पाखराचा होता. पाखराचा त्यात उल्लेखही नव्हता.

“हे मी बोललो नाही,” घण म्हणाला. “मी सांगितलं ते मास्तर बोलला ते. उजवा पाय, दहा मिनिटांच्या आत.”

“सही तुझी ना?”

“माझी.”

“न वाचता केलीस?”

“मी कापतो,” घण म्हणाला. “वाचत नाही.”

पाखरानं मेहुण्याकडं पाहिलं. मेहुण्यानं नाइलाजानं मान डोलावली. “खरंय. कुणीच नाही वाचत इथं.”

तेवढ्यात सेक्रेटरी आला. बरोबर पाच पाठीराखे, बाहेर गाडी. आतला देखावा पाहून तो थबकला, पण माणूस तरबेज. “अरे वा, दोघं एकत्र! आज स्टेजवर दोघांचा हातात हात घेऊन फोटो झाला तर—”

“मागच्या पानावर काय छापलंस?” घणानं विचारलं.

“घणदादा, चेहरा पाहिजे होता ना? दिला. एवढा मोठा दिला. मागचं पान कोण वाचतंय?”

“यानं वाचलं.”

“ह्यानं वाचलं तर काय, हा आपल्या क्लबचा आहे का?” सेक्रेटरी हसला. “बरं, तुम्हीच ठरवा. पान एकच. पुढं तुम्ही, मागं तो मजकूर. एक काढलं की दुसरं जातं. काढू? पुन्हा पंचवीस वर्षं थांबणार?”

घणानं वरच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं. पान उघडलं. चोवीस वर्षांचा, तुटक्या भुवईचा पोरगा कॅमेऱ्याकडं बघत होता. पान उलटलं. मजकूर. पुन्हा उलटलं.  बायंडिंगच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. तिनं त्याच्या हातातलं पान पाहिलं आणि मग मशीनकडं पाहिलं. तिनं तिकडं पाहिलं म्हणजे काय, हे घणाला ठाऊक होतं.

त्यानं पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं, गठ्ठा उचलून मशीनवर घेतला, मागची पट्टी सरकवून पुस्तकाच्या बरोबर मध्यावर आणली, दाबपट्टी खाली घेतली आणि दोन्ही बटणं दाबली.

बारा पुस्तकांची चोवीस अर्धुकं झाली. कडा आरशासारख्या.

दुसरा गठ्ठा चढेपर्यंत सेक्रेटरीला काय चाललंय ते उमगलं नाही. उमगल्यावर त्याचा गोडवा संपला. “धरा त्याला!” तो ओरडला. “हात तोडा, पण धरा!”

इथं त्या दोन बटणांचा दुसरा गुण सगळ्यांच्या ध्यानात आला. दोन्ही हात बटणांवर असलेल्या माणसाला स्वतःचा बचाव करता येत नाही. पहिल्या पाठीराख्यानं घणाच्या कानशिलात लगावली, दुसऱ्यानं पाठीत लाथ घातली. घणानं बटणं सोडली नाहीत. पातं खाली आलं, वर गेलं, त्यानं पुढचा गठ्ठा लावला, तेवढ्यात मानेत आणखी दोन बसल्या.

मग खाडकन आवाज झाला आणि लाथ घालणारा गुडघा धरून खाली बसला. पाखरू नळी घेऊन घणाच्या पाठीशी उभं होतं.

“काप तू,” पाखरू म्हणालं.

पाय मोडेपर्यंत आघाडीलाच खेळलेला तो माणूस पहिल्यांदाच बचावाला उतरला होता आणि नवशिका असूनही वाईट खेळत नव्हता. पळता येत नसल्यामुळं जागा सोडत नव्हता. नळी आडवी फिरली की कुणाचं मनगट, कुणाची कोपरं. एकानं त्याचा जाड तळव्याचा बूट ओढून त्याला पाडलं आणि तोंडावर बुक्क्या मारल्या. पाखरानं त्याचा अंगठा दातांत धरला आणि सोडला नाही. मेहुण्याला एवढा वेळ कुठल्या बाजूनं जावं ते ठरवता येत नव्हतं. अखेर एका पाठीराख्यानं त्याच्या शाईच्या डब्याला लाथ मारली, आणि तो प्रश्न सुटला. लाकडी हातोडी ज्याच्या खांद्यावर पडली तो तसाच दाराबाहेर गेला.

बाई केबिनमधून धावत आल्या. “मेन बंद करा!” सेक्रेटरी ओरडला. “बाई, आमचा माल आहे!”

“घणकाका!” बाई म्हणाल्या. “काय हे?”

“मागचं पान माझं नाही,” घण म्हणाला. त्याच्या कानातून रक्त गळ्यावर येत होतं. “सतरा झाले.”

“मी वाचलं होतं ते,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हीच बोललात. एवढ्या वर्षांनी थकला असाल.” त्या मेन स्विचपाशी जाऊन उभ्या राहिल्या. स्विचला हात मात्र लावला नाही.

बावीस. एकतीस. चाळीस. अर्धुकांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला, त्यात रक्त सांडून घसरायला व्हायला लागलं. त्रेचाळिसाव्या गठ्ठ्यानंतर सेक्रेटरीला कुणीतरी ढकललं की तो आपणहून गेला, यावर प्रेसमध्ये एकमत नाही. पण चव्वेचाळिसावा गठ्ठा ओढायला त्यानं पात्याखाली हात घातला, आणि घणाचे दोन्ही अंगठे त्या वेळी बटणांवर होते. बाईंनी मेन खेचला. पातं सेक्रेटरीच्या नखापाशी येऊन थांबलं.

“माझ्या प्रेसमध्ये दोन बोटं आधीच गेलीत,” बाई म्हणाल्या. “तिसरं नको.”

आता घणाचे हात मोकळे होते. त्यानं सेक्रेटरीचा हात सांभाळून पात्याखालून बाहेर काढला, आणि मग एकच ठोसा नाकावर मारला. पंचवीस वर्षांत हात बिघडला नव्हता.

सात गठ्ठे उरले होते. चौऱ्याऐंशी पुस्तकं. बायको पुढं आली, तिच्या मागं बायंडिंगच्या पाच बायका.

“मशीन बंद आहे,” घण म्हणाला.

“आम्हाला कशाला मशीन लागतंय,” ती म्हणाली. “सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, एकच पान ना?”

“एकच.”

सहा जणी पट्ट्या घेऊन बसल्या. पट्टी लावायची, झटका द्यायचा, पान मुळापासून बाहेर. प्रत्येक झटक्याला घणाचा चेहरा निघून कचऱ्यात पडत होता. बायकोनं वाट्याला आलेले चौदा एकापाठोपाठ एक फाडले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आधी कधी तिच्या मनात आलं नसेल असं नाही. पंधरावा मात्र तिनं शेजारणीच्या हातून काढून घेतला, एकदा बघितला आणि मग तोही फाडला.

“मधली पानं?” तिनं विचारलं. “पायाची?”

घणानं पाखराकडं पाहिलं. पाखरू भिंतीला टेकून ओठावरचं रक्त बाहीनं टिपत होतं.

“ती राहू देत,” घण म्हणाला. “ती खरी आहेत.”

सेक्रेटरी नाकावर रुमाल धरून चौऱ्याऐंशी पुस्तकं घेऊन गेला. समारंभाला काहीतरी हातात पाहिजेच होतं. मास्तरनं प्रकाशन केलं, पेपरात फोटो आला; सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हे पान नाही हे समारंभात कुणाच्याही लक्षात आलं नाही.

त्या वेळी घण आणि पाखरू कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एका बाकावर शेजारी शेजारी बसले होते. कंपाउंडरनं घणाच्या कानाला पाच टाके घातले, पाखराच्या ओठाला तीन, आणि कशानं लागलं ते विचारलं नाही. कोण कुठल्या गल्लीतून आलंय हे त्याला कळत होतं.

“म्हणजे मास्तरला शिव्या घालत होतो ते बरोबर होतं,” पाखरू म्हणालं.

“बरोबर होतं.”

“चालू ठेवायला हरकत नाही.”

“अजिबात नाही.”

पाखरानं ओठावरचा कापूस काढून टाकला. मग म्हणालं, “पण मास्तर काय, तो बाहेर खुर्चीत बसला होता. पाय तुझा होता ना?”

“होता.”

“उडी मारताना तुला दिसत होतो ना मी?”

“दिसत होतास.”

“मग?”

घणानं नाडी सोडली. मग बूट काढला, मोजा खाली सरकवला आणि उजवा पाय पुढं करून समोरच्या स्टुलावर ठेवला.

पाखरानं नळी दोन्ही हातांत घेतली. कंपाउंडरनं सुई खाली टाकली आणि धावत आला, पण त्याला उशीर झाला.